संगणक कक्षातला रिकामा वेळ विज्ञानाला द्या

महोदय,

मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या संगणक कक्षात काम करतो. प्रात्यक्षिक नसेल त्या तासाला निम्मी यंत्रे नुसती चालू असतात, पडद्यावर महाविद्यालयाचे बोधचिन्ह फिरत राहते. ते पाहून जीव तुटतो, कारण अशा वेळात काय होऊ शकते हे घरच्या संगणकावर मी रोज पाहतो.

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी संशोधन संस्थेने 2004 मध्ये, आपल्या पन्नाशीच्या वर्षी, ‘एलएचसी ॲट होम’ सुरू केले. ‘बॉइंक’ ही मोफत प्रणाली बसवली की आपला संगणक रिकाम्या वेळात तिथली गणिते सोडवतो. सर्नचे ‘एलएचसी’ हे कण धडकवणारे यंत्र ज्या बोगद्यात आहे, तो 27 किलोमीटर घेराचा, म्हणजे इथून पन्हाळ्यापेक्षाही लांब. त्यात प्रोटॉन सेकंदाला 11 हजारांहून जास्त फेऱ्या मारतात. त्यांना वळवणाऱ्या चुंबकातला किंचितसा दोषही फेरीमागून फेरी साठत जातो आणि कण भरकटतात. उणे 271 अंशांवर ठेवलेले चुंबक त्यांच्यामुळे तापले, तर सगळेच थांबते. म्हणून ‘सिक्सट्रॅक’ ही आज्ञावली एका वेळी 60 कण घेऊन त्यांच्या 10 लाखांपर्यंत फेऱ्या आधीच मोजून पाहते. खऱ्या बोगद्यात हा दीड मिनिटाचा प्रवास, पण गणिताला तासन्‌तास लागतात. असे हजारो सुटे हिशेब असल्याने ते घरोघरी वाटता येतात. एकच हिशेब किमान दोघांकडे जातो आणि उत्तरे जुळली तरच धरली जातात. गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला वीज गेली, तेव्हा सगळे वाया गेले असेच मला वाटले. सकाळी यंत्र सुरू केले, तर काम थोडे मागून पुन्हा चालू झाले होते!

महाविद्यालयात हा विषय काढला तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘वीजबिल कोण भरणार?’ प्रश्न रास्त आहे. यंत्र राबले की वीज जास्त खाते आणि उन्हाळ्यात खोलीही तापते. म्हणून रात्रभर यंत्रे चालवा असे मी म्हणत नाही. कीबोर्डला कोणाचा हात नसेल तेव्हाच काम चालावे, अशी सोय बॉइंकमध्ये आहे. विद्यार्थ्याने माऊस हलवला की ते थांबते.

शहरातील महाविद्यालयांनी फक्त पाच यंत्रांना महिनाभर परवानगी द्यावी आणि मीटर बघून पुढचे ठरवावे. भौतिकशास्त्राच्या मुलांना त्या पाच यंत्रांसमोर बसवावे. यंत्रांवर बॉइंक बसवून देण्याचे काम मी सुट्टीच्या दिवशी विनामोबदला करीन.

— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर