भरीत खायला यायचे, तर थंडीतच या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की घरोघरी हिवाळी सहलींचे बेत सुरू होतात आणि आपल्या पुरवणीतही कुठे जावे, कुठे राहावे याची माहिती येऊ लागते. त्या माहितीत खान्देशचा उल्लेख बहुतेक वेळा अजिंठ्याला जाताना लागणारा रस्ता एवढाच असतो, आणि जेवणाबद्दल लिहायचे झाले तर 'येथील वांग्याचे भरीत प्रसिद्ध आहे' या एका वाक्यावर काम भागवले जाते. हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे आणि अपुरेपणामुळेच पाहुण्यांची फसगत होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याचे पुण्यातील मित्र सहकुटुंब आले होते. मुलांच्या परीक्षा आटोपल्यानंतरची, म्हणजे मे महिन्यातली गोष्ट. अजिंठा पाहून परतताना त्यांनी महामार्गावरच्या एका हॉटेलात 'खास खान्देशी भरीत' अशी पाटी पाहिली आणि मोठ्या हौसेने गाडी थांबवली. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्यातील एक ताई फार संकोचून म्हणाल्या, "काका, तुमचं भरीत खाल्लं, पण आमच्या घरच्यासारखंच लागलं हो." मी खोदून विचारल्यावर उलगडा झाला, की वांगी काळपट जांभळी होती, बियांनी भरलेली होती, गॅसवर भाजलेली होती आणि कडवटपणा झाकण्यासाठी वरून लाल तिखट व शेंगदाण्याचा कूट सढळ हाताने घातला होता. त्या ताईंची काहीच चूक नव्हती. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते, की मे महिन्यात आमच्या भागात भरीत मागायचे नसते.

भरिताचे वांगे हे वेगळे वांगे आहे. फिकट हिरव्या रंगाचे, अंगावर पांढरट रेघा असलेले, पातळ सालीचे आणि बिया अगदी कमी असलेले हे वांगे हातात घेतले की त्याचे वजन जाणवते. यावल, रावेर, भुसावळ आणि जळगाव या तालुक्यांत त्याची लागवड पिढ्यानपिढ्या होत आली आहे; बामणोद, भालोद, आसोदे या गावांची नावे तर वांग्यांमुळेच दूरवर पोहोचली आहेत. 2016 मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळाले. परंतु मानांकनाने गावाचे नाव जपले जाते, ऋतू जपला जात नाही. पावसाळ्यात लावलेले हे वांगे थंडी पडू लागली की खरे चवीला येते. मार्गशीर्ष आणि पौष हे त्याचे महिने होत. ऊन तापू लागले की तेच झाड बियाळ आणि तुरट फळे देऊ लागते, आणि मग कितीही कुशल हात असला तरी भरिताला ती गोडी येत नाही. आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते, असे मला नेहमी वाटते. अनेक घरांत चातुर्मासात वांगे वर्ज्य असते आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच ते पुन्हा ताटात येते. चंपाषष्ठी म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. नेमके त्याच सुमारास आमच्या रानात वांगी ऐन भरात असतात.

ज्यांनी शेतातले भरीत पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. बांधाजवळ मोकळ्या जागेत गेल्या हंगामातल्या तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळलेल्या काट्या पसरतात, त्यांवर देठासकट वांगी एका थरात मांडतात आणि वरून पुन्हा काट्या टाकून पेटवतात. हा जाळ चुलीच्या जाळासारखा सावकाश नसतो. तो भडकतो, चहूबाजूंनी वांग्यांना वेढतो आणि थोड्याच वेळात खाली बसतो. साल काळी ठिक्कर पडते, आतला गर मात्र स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि देठाजवळून बारीक आवाज करीत वाफ निघू लागते. तो आवाज ऐकला की जाणता माणूस लांब काठीने वांगे परततो. राखेतून काढलेली वांगी गरम असतानाच सोलावी लागतात, कारण थंड झाली की साल गराला धरते. सोलणाऱ्या बायका शेजारी पाण्याचे पातेले ठेवून मधूनमधून बोटे बुडवतात. मग गर बडगीत, म्हणजे लाकडी उखळीसारख्या भांड्यात, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणासोबत ठेचतात. बडगीतच ठेचायचे, मिक्सरला हातही लावायचा नाही, कारण भरिताला रेषा राहिली पाहिजे, त्याचा लगदा होता कामा नये. शेवटी तेलाच्या फोडणीत शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात घालून ते परततात, वर कोथिंबीर पेरतात आणि केळीच्या पानावर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या, भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर वाढतात. सोबत मुळा आणि कच्ची पात असली की आणखी कशाचीही गरज उरत नाही.

त्याच पाहुण्यांना मी आग्रहाने पुढच्या जानेवारीत पुन्हा बोलावले. त्या वेळी त्यांनी आधी भरीत ठरवले आणि बाकीचा प्रवास त्याभोवती बांधला. रात्रीच्या गाडीने भुसावळला उतरले, सकाळी 1936 च्या काँग्रेस अधिवेशनाचे फैजपूर पाहिले, दुपारी आमच्या शेतात जेवले, आणि दुसऱ्या दिवशी बहिणाबाईंचे माहेर असलेले आसोदे पाहून जळगावहून परतले. अजिंठा आधी पाहून झालेला असल्यामुळे घाई नव्हती. त्या ताईंनी स्वतः बडगीपाशी बसून वांगी ठेचली आणि निघताना पिशवीभर वांगी सोबत नेली. मला त्या दिवशी जे समाधान लाभले ते शब्दांत सांगणे अवघड आहे.

म्हणून आपल्यामार्फत माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली आमच्याच भागातील हॉटेलमालकांना. हंगाम नसताना पाटीवर भरीत लिहू नये; गिऱ्हाईकाने मागितले तर 'आता वांगी चांगली नाहीत, शेवभाजी घ्या, वरण-बट्टी घ्या' असे स्पष्ट सांगावे. असे सांगणाऱ्या खानावळी आजही आहेत आणि त्यांचे गिऱ्हाईक तुटलेले नाही. दुसरी विनंती पर्यटनाचे काम पाहणाऱ्यांना आणि आपल्या वृत्तपत्रालाही. स्थळांची यादी देताना पदार्थाचा महिनाही द्यावा. उन्हाळ्यात येणाऱ्याला भरीत मिळणार नाही हे खरे, परंतु आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास घरोघरी खापरावरचे मांडे होतात आणि आमरसासोबत ते खाण्याचे सुख वेगळेच असते, हेही त्याला कळले पाहिजे. शेतात भरीत करून घालणारे शेतकरी गावोगाव आहेत, पण त्यांना दोन दिवस आधी निरोप हवा असतो. काट्या रचायच्या असतात, कळण्याचे दळण आणायचे असते आणि वांगी त्याच सकाळी तोडायची असतात.

हे पत्र कार्तिकात छापले गेले तर पाहुण्यांना गाडीचे आरक्षण करण्यास पुरेसा वेळ मिळेल, एवढी कृपा करावी.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक,
यावल तालुका, जि. जळगाव