गावचं घर बंद करण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

गणपती गेले की घर बंद होईल ते शिमग्यालाच उघडेल. यंदापासून किल्ल्या तुझ्याकडे, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. चोरी टाळायला शहरातल्या फ्लॅटबद्दल जे सांगतात ते इथे अर्धंच लागू पडतं. फ्लॅट फोडणाऱ्याला घाई असते. गावच्या बंद घरात चोराला अख्खी रात्र मिळते, आणि कोणी फिरकलं नाही तर दुसरीही. म्हणून मोठं कुलूप आणून भागत नाही. त्याच्या हाताला हत्यार लागू नये, आत नेण्याजोगं फारसं असू नये, आणि काही झालंच तर ते दोन दिवसांत आपल्याला कळावं, या तीन गोष्टी सांभाळायच्या.

सुरुवात मागच्या दारापासून कर. गुहागरची घरं तुला माहीतच आहेत. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला सुरूचं बन आणि समुद्र. पुढचं दार सगळ्या आळीला दिसतं, मागचं कोणालाच नाही. पावसाळी वाराही नैऋत्येचा, त्यामुळे खारी झड रोज त्याच दारावर बसते. ज्या दारावर कोणाची नजर नाही, तेच सगळ्यात आधी कुजतं.

तिथली बिजागरी जवळून बघ. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू मारले असतील तर खाऱ्या ओलाव्यात लोखंड आधी झिजतं. वरून स्क्रूचं डोकं शाबूत दिसतं, आतला आटा मात्र गेलेला असतो. खूण म्हणजे स्क्रूभोवती लाकडावर काळसर कडं पडतं. पेचकस लावून थोडं फिरवून बघ. स्क्रू नुसताच गरगरला तर तो धरून नाही, असं समज. पहारीचा एक रेटा आणि दार बिजागरीसकट बाहेर. पितळीला पितळी स्क्रू, स्टीलला स्टीलचे, हा नियम मोडू नकोस. स्टील घेशील तेव्हा ३१६ प्रतीचं माग. ३०४ स्वस्त पडतं, पण समुद्राजवळ त्यावर तांबूस डाग चढतात.

मागच्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेर कोयंडा असला की तो कापायला किंवा उचकटायला जागा मिळते. दार आतून अडसराने बंद करायचं आणि पुढच्या दाराने बाहेर पडायचं. अडसर भिंतीतल्या खोबणीत दोन्हीकडे किमान ४ इंच आत गेला पाहिजे. चौकटीला ठोकलेल्या पट्टीत अडकवलेला अडसर चौकटीबरोबरच निघून येतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून सुतार अडसर तासून देतात आणि हिवाळ्यात तो सैल होतो. तेव्हा तासायला सांगू नकोस, खोबण थोडी मोठी करून पाचर मारायला सांग. वाळवीसाठी दोन्ही टोकं ठोकून बघ. पोकळ आवाज आला तर अडसर नवा कर.

पुढच्या दाराला दिसणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नाही, अशी पाटी. दारात बसणारं लिव्हरचं कुलूप लाव. जीभ, म्हणजे किल्ली फिरवली की बाहेर येणारा दांडा, एक इंच तरी बाहेर येणारी हवी आणि ती जिच्यात शिरते त्या चौकटीवरच्या पट्टीचे स्क्रू ३ इंची हवेत, नाहीतर जीभ धड राहते आणि चौकट फुटते. टांगतं कुलूप लावायचंच झालं तर कोयंडा स्क्रूने न बसवता ८ मिलिमीटरच्या आरपार बोल्टने बसव. बोल्टचं गोल डोकं बाहेर, वॉशर आणि नट आत. कुलपात खोबरेल घालू नकोस. त्यात वाळू धरते आणि थंडीत ते थिजतं. मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकरीने आत घातली की पुरतं.

आता छप्पर, कारण कौलारू घरात खरा चोरदरवाजा तोच. मंगलोरी कौल आवाज न करता वर सरकवून काढता येतं. मागच्या पडवीची पागोळी डोक्याला लागेल इतकी खाली असते, तिथून मूळ घराच्या छपरावर जाणं अवघड नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर ज्यांनी पत्रे घातले त्यांनीही निर्धास्त राहू नये, पत्र्याचे बोल्ट साध्या पान्याने सुटतात. सगळ्या घराला जाळी मारायचा खर्च करू नकोस. माजघर आणि देवघर एवढ्याच भागावर रिपांच्या खालून, वाशांना, २ इंची चौकोनाची वेल्डेड जाळी लाव. तार १० गेजची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीची, आणि जस्ताचा मुलामा चढवलेली. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी पकडीने कापली जाते, ती नको. माळ्याच्या झडपेला खालच्या बाजूने कडी लाव, म्हणजे कोणी माळ्यावर उतरला तरी तिथेच अडकेल.

खिडक्यांचे लाकडी गज हाताने हलवून बघ. ग्रिल करशील तर १२ मिलिमीटरची चौकोनी सळी आणि दोन सळ्यांत ४ इंचांपेक्षा जास्त फट नको. भिंतीचा जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यात नुसता फुगणारा बोल्ट काही दिवसांनी सैल पडतो. चिऱ्यात खड्डा घेऊन ग्रिलचे पाय सिमेंट काँक्रीटमध्ये बसव. एक ग्रिल आतून उघडणारी हवी. आग लागली तर बाहेर पडायचं कुठून? तिची किल्ली आतच, पण खिडकीतून हात पोहोचणार नाही अशा खिळ्याला. दरवर्षी पावसाळा संपला की गंज घासून प्रायमर आणि रंगाचे दोन हात.

हत्यारं आपणच पुरवतो. पडवीत शिडी, गोठ्यात पहार, न्हाणीघरामागे कोयती. हे सगळं उचलून माजघरात टाक. छपरावर आलेली आंब्या-फणसाची फांदी छाटून घे. पावसाळ्यात पडवीला बांधलेली झावळ्यांची झापं दसऱ्याला उतरवून घ्यायचीच. ती राहिली की मागची पडवी बंद खोली होते आणि आडोशाला बसून कोणी तासभर काम केलं तरी दिसत नाही. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, मात्र उंच करू नकोस. बुटक्या गडग्यावरून शेजाऱ्यांना घर दिसतं, तेच आपल्याला हवं आहे.

तांब्याचा बंब, पितळेची भांडी, पाण्याचा पंप, गॅसचा सिलिंडर, देवाचे चांदीचे टाक, चोर मुख्यतः याच वस्तूंवर डोळा ठेवतात. टाक आणि दागिने बँकेच्या लॉकरमध्ये जाऊ देत, पत्र्याचं कपाट म्हणजे तिजोरी नव्हे. भांड्यांचे फोटो काढून ठेव, ठोके आणि कोरलेली नावं दिसतील असे.

कॅमेऱ्याचा आग्रह तू धरशील. लाव, पण शेवटी. वीज गेली की तो आंधळा होतो, म्हणून बॅटरीवर चालणारा आणि त्या जागी रेंज असणाऱ्या कंपनीचं सिम असलेला घे. भिंगावर खारट थर आणि कोळ्याची जाळी बसते, महिन्याला पुसावंच लागतं. रात्रंदिवस जळणाऱ्या बल्बपेक्षा माणूस आला की पेटणारा दिवा बरा. भर दुपारी जळणारा बल्ब घर रिकामं असल्याचं सांगतो.

यापेक्षा मोलाचा आहे तो दिवसाआड चक्कर मारणारा माणूस. त्याला ठरवून पैसे दे, उपकारावर ठेवू नकोस. अंगण झाडणं, पडलेले नारळ आणि झावळ्या उचलणं, आणि घराला मागून पूर्ण फेरी. मागच्या पायरीवर गुडघ्याइतक्या उंचीला बारीक काळा दोरा बांधून ठेवायला सांग. तुटला असेल तर कोणीतरी येऊन गेलं. बंद करायच्या आधी पोलीस पाटलांना तारखा आणि तुझा नंबर देऊन ये.

विम्याचं बघ. १ एप्रिल २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा विम्यात चोरी धरतात ती आग, वादळ, पूर अशा घटनेमुळे आणि नंतरच्या सात दिवसांत झालेली. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. घर सलग किती दिवस बंद असलं तर भरपाई नाकारतात, ते कलम सही करण्याआधी वाच.

दार फुटलेलं दिसलं तर चक्कर मारणाऱ्या माणसाने आत जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, ११२ला फोन करायचा आणि तुला. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते, मुंबईतूनही. ऑनलाइन दिलीस तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत मोफत मिळते, ती मागून घे.

दुसरा किल्ल्यांचा जुडगा तुळशीच्या वृंदावनात किंवा कुंडीखाली नको. शेजारी दे, आणि त्यावर घराचं नाव लिहू नकोस. सुताराला बोलावण्याआधी पुढच्या दाराची जाडी मोजून कळव, टांगतं कुलूप लावलंच तर बोल्ट त्याहून एक इंच लांब आणावे लागतील.

तुझी,
आई