मनू, कार्डासाठी थांबायचं की नाही

प्रिय मनू,

काल तू फोन ठेवलास तेव्हा माझं बोलणं अर्धंच राहिलं होतं. आता परत फोन केला तर परत तेच होणार, तू म्हणणार बाबा तुम्ही ऐकूनच घेत नाही, मी म्हणणार तू ऐकत नाहीस, आणि मग आई मध्ये पडणार. म्हणून लिहितोय. सावकाश वाच, घाई नाही.

एक आधीच सांगतो, माझा आवाज चढला तो ग्राफिक्स कार्डावरून नाही. तुझ्या ॲनिमेशन फिल्मसाठी नवीन कार्ड घ्यायला पुढची सिरीज येईपर्यंत थांबणार म्हणालीस, ठीक आहे, तुझं काम, तुझा निर्णय. पण बोलता बोलता सहज म्हणून गेलीस ना, की रात्री जळल्यासारखा वास आला, खिडकी उघडली आणि परत झोपले, रेंडर, म्हणजे फिल्मच्या फ्रेम काढायचं काम, मशीनवर चालूच होतं, तिथे माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मशीन जोडतोय, उघडतोय, तो वास मी ओळखतो. धूळ तापल्याचा वास वेगळा, आणि कनेक्टरचं प्लास्टिक तापायला लागतं तो वेगळा, तो नाकात बसतो, तासाभराने पण जात नाही. असो. त्याबद्दल खाली लिहितो, नाहीतर सगळं पत्र त्यातच जाईल.

आधी थांबण्याचं बोलू. तुझं म्हणणं मला पटत नाही असं नाहीये. आज घेतलं आणि चार महिन्यांनी तेवढ्याच पैशात जास्त मेमरीचं आलं तर जीव जळतोच. झालंय तसं. एनव्हिडियाचं ४०७० टीआय जानेवारी २०२३ मध्ये आलं ते १२ जीबी घेऊन, ७९९ डॉलरला, आणि बरोब्बर वर्षाने त्याचं सुपर आलं, किंमत तीच आणि मेमरी १६ जीबी. ज्यांनी आदल्या महिन्यात घेतलं असेल ते हळहळलेच असणार. तेव्हा थांबणारा मूर्ख असतो असं मी कधी म्हणणार नाही.

पण २०२० आठव. सप्टेंबरमध्ये ३०८० जाहीर झालं, ६९९ डॉलर, सगळे खूश. कितीतरी जणांनी त्या आशेवर जुनी कार्डं मिळेल त्या भावाला विकून टाकली, आणि नवीन कार्ड आलं ते आल्या आल्या संपलं. मग चिपचा तुटवडा, मग कार्डांवर क्रिप्टो नाणी काढणारे मायनिंगवाले, आणि वर्षभराहून जास्त काळ त्या किमतीला ते सहज कुणाच्या हाती लागत नव्हतं. माझ्याकडे तेव्हा लोक यायचे, जुनं गेलेलं, नवीन मिळत नाही, काम अडलेलं. त्या काळातला एकेक चेहरा मला आठवतो, त्यात एक मुलगा तुझ्यासारखाच ॲनिमेशन करणारा होता, तो दर आठवड्याला विचारायचा काका आलं का. मग सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम हे क्रिप्टो चलन मायनिंगवरून उठलं आणि वापरलेल्या कार्डांचा ढीग बाजारात आला. आधी कुणाला नक्की सांगता आलं होतं का हे कधी होणार? भलेभले चुकले.

आणि कार्ड आलं म्हणजे लगेच घ्यायच्या लायकीचं असतं असंही नाही. ५० सिरीज जानेवारी २०२५ ला आली तेव्हा पहिले काही आठवडे माल नाही, ड्रायव्हरमुळे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, स्क्रीन काळी पडायच्या तक्रारी, त्यावर कंपनीचे हॉटफिक्स, आणि थोड्या ५०९० आणि ५०७० टीआय मध्ये आरओपी, म्हणजे चित्राचे पिक्सेल शेवटी लिहिणारे चिपमधले भाग, कमी निघाले, ते कंपनीने कबूल केलं आणि कार्डं बदलून द्यायला सांगितली. म्हणजे तुझे चार महिने हे चार नसतात गं. जाहीर होणार, मग विक्रीला येणार, मग मिळायला लागणार, मग ड्रायव्हर बसणार, मग तुझं ब्लेंडर सॉफ्टवेअर त्यावर नीट चालतंय की नाही हे लोक वापरून सांगणार. सहा-सात महिने सहज जातात. त्यात लीक, म्हणजे आधीच फुटलेली बातमी, ही तारीख नव्हे. कंपनीने स्वतः तारीख सांगितली आणि ती महिन्याभरावर असली तर मी पण म्हणेन थांब, जाहीर होऊ दे, मग बघू. तू दाखवलेल्या व्हिडिओत तारीख कुठेच नव्हती, मी शेवटपर्यंत बघितला.

शिवाय पुढे स्वस्त होईल हे तू धरूनच चाललीयेस. २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव कसे चढले ते तू बघितलंस, एआयच्या सर्व्हरसाठी मेमरी जायला लागली म्हणून. कार्डावरची मेमरी बनवणारे पण तेच आहेत, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. तिथून माल कमी सुटला तर नवीन कार्ड स्वस्त कुठून येणार?

आता तुझ्या फिल्मचा हिशोब. रात्री झोप लागेना म्हणून कागदावर केला. सहा मिनिटं, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ८,६४० फ्रेम. तू म्हणालीस एका फ्रेमला सरासरी ३ मिनिटं लागतात. ४३२ तास, अखंड १८ दिवस. आज मिळणारं कार्ड दुप्पट वेगाचं धर, ९ दिवस. येणारं त्याच्याहून आणखी ३० टक्के वेगवान धर, तरी ७ दिवस. म्हणजे दोन दिवस वाचवायला तू सहा महिने थांबणार. बरं, फिल्म एकदाच रेंडर होत नाही, शॉट परत काढावे लागतात, म्हणून तिप्पट धर, तरी आठवडाभराचाच फरक. मनू, सहा महिन्यांत तुझी फिल्म पूर्ण होऊन लोकांनी बघितलेली असेल!

वेगाचा प्रश्न नाही, मेमरी पुरत नाही हे तुझं खरं दुखणं आहे, ते मला कळतं. फिल्ममधलं कासव पाण्यातून वर येतं त्या शॉटला आउट ऑफ मेमरी येतं म्हणालीस. ४के चं एक टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचं पृष्ठभागाचं चित्र, चार चॅनल, ८ बिट, मेमरीत उघडलं की ६४ एमबी. तेच ८के केलंस की २५६. तू पाठीवरच्या रेघांसाठी ८के वापरलंस ते योग्यच, क्लोजअप आहे, आणि काय सुंदर केलंयस त्या रेघा, मी थांबवून थांबवून बघतो. पण मागच्या दगडांना पण ८के? नुसते ३० असे दगड-शेवाळं झाले की साडेसात जीबी गेले, ८ जीबीच्या कार्डात उरलं काय? मागचं सगळं २के ला आण. कासवाला हात लावू नकोस. कदाचित तो शॉट जुन्या कार्डावरही बसेल.

पण जुन्या कार्डावर काढू नकोस. बघ, परत तिथेच आलो.

नवीन घेताना १६ जीबी हे पक्कं धर, सिरीज कुठली हा नंतरचा प्रश्न. ५०६० टीआय १६ जीबी तुझ्या कामाला पुरेल असं मला वाटतं, आणि मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे ते १८० वॉटचं आहे. बॉक्स वाचून घे, त्याच नावाचं ८ जीबीचं पण मिळतं, घाईत तेच गळ्यात पडतं. एएमडीच्या कार्डावर पण ब्लेंडरचं रेंडर इंजिन सायकल्स चालतं, पण तुझं सगळं एनव्हिडियाच्या ऑप्टिक्सवर बसलेलं आहे, फिल्म अर्ध्यात असताना ते बदलू नये.

तर आता त्या वासाचं. कॅबिनेट उघडून टॉर्च मारलास तो फोटो मी मोठा करून पाहिला. कार्डाच्या आठ पिनच्या पॉवर कनेक्टरला मोलेक्सचा, म्हणजे जुन्या चार पिनच्या प्लगचा, कन्व्हर्टर लावलाय. तो दादाने लावलाय ना? त्याला काही बोलू नकोस, त्याने तुझं काम अडू नये म्हणून रात्री बसून जोडून दिलं होतं. पण आठ पिन म्हणजे १५० वॉटपर्यंत ओढणार, आणि मोलेक्सच्या त्या सैल पिनांतून, त्या पातळ वायरीतून ते तासन्‌तास जाणार, गेम खेळताना मध्ये उसंत तरी मिळते, रेंडर म्हणजे सलग आठ तास. फोटोत डावीकडची पिवळी वायर कनेक्टरजवळ तपकिरी दिसतेय. सावली असेल असं मी मनाला सांगितलं, पण ती सावली नाहीये. मशीन बंद कर, प्लग काढ, मग बोटाने ती जागा दाबून बघ, प्लास्टिक कडक होऊन फुटत असेल तर संपलं. कार्ड बहुतेक चांगलं असेल, ते फेकू नकोस. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, मात्र नवीन घे, कार्डाची आठ पिन थेट त्यातून निघणारा घे, आणि हे कार्डाच्या आधी घे, उद्याच घे, यात कुठली सिरीज यायची नाहीये.

आणि नवीन कार्डाला ती १६ पिनची बारीक वायर असली तर पूर्ण आत जाईपर्यंत दाब. २०२२ मध्ये ४०९० चे कनेक्टर वितळले तेव्हा एनव्हिडियाने हेच सांगितलं होतं की पूर्ण बसवलेले नव्हते, पुढे कनेक्टरचं डिझाइनही सुधारलं. तरी दाब. आणि कनेक्टरला लागून वायर वाकवू नकोस.

लेक्चर झालं, मला कळतंय. सॉरी बाळा. तू आता मला शिकवशील एवढी पुढे गेलीयेस, त्या नोड्सच्या जाळ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर अजून तूच येतेस, टेबलाखाली बसून स्क्रू गोळा करणारी, मोठे एका डबीत, बारीक दुसऱ्या डबीत, आणि एखादा कमी पडला तर मला कॅबिनेट बंद करू द्यायची नाहीस. तेव्हा ३२ एमबीचं कार्ड आलं होतं माझ्याकडे दुरुस्तीला, तू त्याचा पंखा फुंकून फिरवत बसलीस आणि त्याच्या बॉक्सवर मागे पेनाने कासव काढलंस. तो बॉक्स गिऱ्हाइकाला द्यायला मला जड गेलं होतं, शेवटी कार्ड दुसऱ्या पिशवीत घालून दिलं. आजीला तुझा तो बारा सेकंदांचा शॉट दाखवला तर म्हणाली हे कासव मी पाहिलंय. कुठे पाहिलं ते तिला सांगता येईना.

तू खरंच कार्डासाठीच थांबलीयेस का गं? म्हणजे शेवटचा सीन अजून झालेला नाही हे मला माहितीये. तो अवघड आहे, तू मागे म्हणाली होतीस. नवीन कार्डावर तो सोपा नाही होणार. चुकत असेन तर रागावू नकोस, पण मला तसं वाटलं, आणि ते फोनवर बोलता आलं नाही. सीन मनासारखा नाही झाला तरी चालेल, काढ तर खरा. आम्ही बघायला बसलोयत.

एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो पाठव, वॉट आणि १२ व्होल्टची लाइन दिसेल असा. तो बदलेपर्यंत रात्रीचं रेंडर नको. दिवसा लावलंस तर तिथेच बस, आणि आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आण, थोडं हळू होईल पण वायरीवरचा ताण कमी होईल. खरं तर दिवसा पण नकोच, तो कन्व्हर्टर निघेपर्यंत लावूच नकोस. पीएनजीच्या फ्रेम वेगवेगळ्या सेव्ह होतात ना, मग थांबवलंस तर काही वाया जाणार नाही, जिथे थांबलं तिथून पुढे चालू कर.

पैसे मी आज पाठवतोय, कार्डाचे अर्धे आणि एसएमपीएसचे पूर्ण. तू परत पाठवशील, ते करू नकोस.

बाबा

ता.क. आई विचारतेय तुझ्या खोलीत धुराचा अलार्म आहे का. मी पण विचारतोय. नसेल तर एसएमपीएसबरोबरच घे.