रविवारचा चित्रपट : ‘गिव्ह अस धिस डे’

सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या सभागृहात एडवर्ड डमिट्रिक दिग्दर्शित ‘गिव्ह अस धिस डे’ (१९४९) दाखवणार आहोत. न्यूयॉर्कमधला इटालियन गवंडी जेरेमिओ घराच्या वचनावर इटलीहून नवरी आणतो. मग मंदी येते, कामं आटतात आणि घरासाठी साठवलेला पैसा पोटापाण्यात जातो. पुढचं मुद्दाम सांगत नाही. मूळ कादंबरी लिहिणारा पिएत्रो दि दोनातो स्वतः गवंडी. त्याचे वडील १९२३ मध्ये बांधकामावरच्या अपघातात गेले. दिग्दर्शक हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट ठरवून काम नाकारलेल्यांमध्ये, म्हणून हे न्यूयॉर्क इंग्लंडमध्ये उभारावं लागलं. तरी विटा रचणाऱ्यांचे कष्ट इतके खरे क्वचितच दिसतात. चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे, कृपया वेळेवर या आणि नंतर चर्चेला थांबा.