'नम्म बेळगावी' : आपलं की आमचं?

मा. जिल्हा पालकमंत्री, बेळगाव यांस,
स.न.वि.वि.

मी कॉलेजात भाषाविज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाच्या, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाच्या, ध्वजवंदनानंतर पालकमंत्री जे भाषण करतात, ते मी दरवर्षी टीव्हीवर लक्षपूर्वक ऐकतो. मंत्री बदलतात, पक्ष बदलतात, भाषणाचा साचा मात्र तोच राहतो.

जॉन स्वेल्स या अभ्यासकाने शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून दाखवलं होतं की असे साचे टप्प्यांनी बांधलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याला आपलं काम असतं. तुमच्या भाषणातही आधी शुभेच्छा, मग एकीकरणाचा इतिहास आणि त्या चळवळीचे प्रणेते आलूर वेंकटराव यांचं स्मरण, मग इंग्रजांशी लढलेले कित्तूरची राणी चन्नम्मा आणि संगोळ्ळी रायण्णा, मग योजना, शेवटी 'जय कर्नाटक'. योजनांचा टप्पा लांबलचक असतो, पण तो कोणाच्या मनात राहत नाही. मनात राहतो तो इतिहासाचा. १९५६ साली राज्य एक झालं, १९७३ साली त्याच तारखेला त्याला 'कर्नाटक' हे नाव मिळालं. त्याच दिवशी इथली मराठी माणसं काळा दिन पाळतात, हे त्या टप्प्यात येत नाही. ते तुम्ही बोलावं असा माझा हट्ट नाही. सरकारी परिपत्रकं मराठीतही मिळावीत, हा जुना प्रश्नही इथे काढत नाही. मला एका शब्दाबद्दल बोलायचं आहे.

मराठीत ऐकणाऱ्याला सोबत घेतलं की 'आपण', वगळलं की 'आम्ही'. हा भेद आम्हाला द्राविडी भाषांच्या शेजारातूनच मिळाला, असं अनेक अभ्यासक मानतात. आजच्या कन्नडात मात्र दोन्हींना एकच 'नावु', आणि 'आपलं', 'आमचं' या दोन्हींना एकच 'नम्म'. म्हणजे अर्थ ऐकणाऱ्याने लावायचा.

गेल्या वर्षीचं भाषण मी वहीत उतरवून घेतलं आणि प्रत्येक 'नम्म'च्या खाली पेन्सिलीने मराठी शब्द लिहीत गेलो. 'नम्म रैतरु', आपले शेतकरी. 'नम्म नीरु', आपलं पाणी. 'नम्म बेळगावी'ला हात थांबला. शेजारची मुलगी वही बघत उभी होती. डिग्रीला आहे, घरी मराठी, मैत्रिणींत कन्नड, दोन्ही सारख्याच सफाईने बोलते. म्हणाली, "सर, इथं 'आमचं' लिहा की." जराही थांबली नाही. वय वर्षं एकोणीस, जन्म याच गावातला, आणि तिच्या गावाचं नाव मंत्र्यांच्या तोंडून ऐकताना ती स्वतःला त्यात धरत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या १ मेच्या भाषणांतही आम्ही एका वाक्यापुरते 'बांधव' होतो आणि पुढच्या वाक्यात विषय बदलतो. म्हणून हे पत्र तिकडे नाही, तुम्हाला लिहितोय. आमचं रेशनकार्ड, शाळा, रस्ता तुमच्या हाती आहे.

येत्या राज्योत्सवाला शुभेच्छांच्या टप्प्यात एक वाक्य मराठीत बोला. 'नम्म बेळगावी' म्हटल्यावर लगेच 'आपलं बेळगाव' म्हणा. साचा मोडत नाही, कन्नडचा मान कमी होत नाही, वेळ अर्धा मिनिटही लागणार नाही.

मी वही घेऊन टीव्हीसमोर बसणार आहे. या वेळी पेन्सिल त्या मुलीच्या हातात असेल.

आपला,
एक निवृत्त भाषाशिक्षक, बेळगाव