बाई, तुमच्या पेन्सिलीतल्या प्रश्नचिन्हासाठी

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला 'बाई' म्हणायचा मला तसा काही अधिकार नाही. मी तुमच्या वर्गात कधी बसलो नाही. पण पहिल्याच फोनवर तोंडून 'बाई' निघालं, तुम्ही 'हं, बोला' म्हणालात, आणि तेव्हापासून तेच चाललंय. नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, ते पाळतो. आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. त्याला तुमची परवानगी विचारलेली नाही.

२३ एप्रिलचा तो दिनविशेष मी मोठ्या हौसेने लिहिला होता. इंग्लंडचा नाटककार शेक्सपियर आणि स्पेनचा लेखक सर्व्हान्टेस, दोघेही १६१६ साली एकाच दिवशी गेले! वर 'दोन सूर्य एकाच सायंकाळी मावळले' अशी झालरही लावली होती. लोकांना फार आवडलं. दुपारपर्यंत. मग कुणीतरी 'चूक आहे' एवढंच म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत माझी वरात निघाली. 'फॉरवर्ड विद्यापीठाचे कुलगुरू' ही पदवी त्यातल्या त्यात सौम्य.

चूक होतीच, त्यामुळे हसण्याबद्दल तक्रार नाही. पण हसणाऱ्यांपैकी एकानेही नेमकं काय चुकलं ते सांगितलं नाही, हे अजून सलतं. ज्यांच्यासाठी मी दीड वर्ष रोज हे सदर लिहीत होतो, त्या संपादकांचं आवडतं वाक्य होतं, 'तारखा कोण तपासतंय? गंमत वाटली पाहिजे.' त्या संध्याकाळी त्यांनी सदराखाली 'मजकुराची जबाबदारी लेखकाची' अशी ओळ टाकली आणि माझे फोन उचलणं बंद केलं. त्याच्या बऱ्याच आधी, अडलेल्या तारखांबद्दल मी दोन विद्वानांना पत्रं लिहिली होती. एकांचं उत्तर आलं नाही. दुसऱ्यांनी स्वतःच्या पुस्तकांची यादी पाठवली.

आणि मग आठवड्याभराने तुमचं पाकीट आलं.

आत दोन कात्रणं होती. एक माझं. त्यातल्या 'एकाच दिवशी' या शब्दांखाली पेन्सिलीची बारीक रेघ आणि समासात एक प्रश्नचिन्ह. बस, एवढंच. लाल शाई नाही, खाडाखोड नाही. दुसरं कात्रण जुनं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटत आलेलं. तुमच्याच सदराचं. त्यातही तेच दोघे, तेच साल, आणि अक्षरशः तेच शब्द: 'एकाच दिवशी'. बाजूला तुमच्या बारीक अक्षरात लिहिलेलं, 'ही माझी चूक. अजून कुणी कळवलेली नाही.'

बाई, ते वाचून मी हसलो आणि मग बराच वेळ तसाच बसून राहिलो. माझी चूक दाखवायला तुम्ही स्वतःची चूक कपाटातून शोधून काढलीत. ती कुणाला ठाऊकही नव्हती! ते कात्रण तसंच दडून राहिलं असतं तर तुमचं काय बिघडणार होतं? तेवढ्या एका कागदामुळे मी सदर सोडलं नाही. बाकी तुम्ही पुढे जे जे केलंत, ते त्याच्यानंतरचं.

तारखेचं कोडं तुम्ही फोनवर उलगडलंत. स्पेनने १५८२ मध्येच नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनवरच अडून बसलं. दोन्हींत तेव्हा दहा दिवसांचं अंतर, त्यामुळे शेक्सपियरचा २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधला ३ मे. शिवाय सर्व्हान्टेस गेला २२ एप्रिलला, २३ ही त्याच्या दफनाची नोंद. म्हणजे तारीख एक, दिवस वेगळे, आणि एकाची तर तारीखही उसनी. जागतिक पुस्तक दिन २३ एप्रिललाच येतो, त्यामुळे ही गोष्ट दरवर्षी नव्याने उगवते. 'उगवू दे,' तुम्ही म्हणालात, 'आपण तेवढं खत घालायचं नाही.'

तिथीचा क्षय होतो हे मला माहीत होतं. तारखांचाही होतो हे तुमच्याकडून कळलं. १५८२ साली स्पेनमध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. स्पेनमधल्या आविलाची संत तेरेसा नेमकी त्याच रात्री गेली आणि तिचा स्मरणदिन आजही १५ ऑक्टोबरला असतो. एका रात्रीत दहा तारखा गायब! यात तर एकही झालर लावावी लागत नाही. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे माझं पुढचं लाडकं वाक्यही तुम्ही असंच अलगद काढून घेतलंत. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, नव्या गणनेने. न्यूटन जन्मला २५ डिसेंबर १६४२ ला, जुन्या गणनेने. एकाच कॅलेंडरवर दोघांना बसवलं की न्यूटन ४ जानेवारी १६४३ वर जातो आणि योगायोग विरघळतो.

मी वैतागून विचारलं होतं, 'मग खरं काहीच उरत नाही का?' तुम्ही ४ जुलै पाहायला सांगितलंत. जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन, दोघेही अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष, दोघेही ४ जुलै १८२६ ला गेले, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी. इथे कॅलेंडर एक, दिवसही एक. पाच वर्षांनी आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष, जेम्स मन्रोही ४ जुलैलाच. त्या नोंदीसमोर तुमच्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली. दीड वर्षातली ती पहिली. मी ते पान कुणाकुणाला दाखवलं ते विचारू नका.

एकदाच रागावलात. १५ जानेवारी १९१९, बॉस्टनमधला मळीचा पूर. मी मथळा दिला होता, 'गोड गोड प्रलय'. तुम्ही विचारलंत, 'माणसं किती गेली?' एकवीस. 'मग ते पहिल्या ओळीत का नाही?' ती प्रचंड टाकी आधीपासून गळत होती, तर दुरुस्त करायचं सोडून मालकांनी ती तपकिरी रंगवली, म्हणजे ओघळ दिसू नयेत. हे मला ठाऊक होतं, पण माझ्या मथळ्यात ते मावत नव्हतं. मथळा बदलला. तेव्हापासून 'विचित्र घटना' लिहायला बसलो की आधी मेलेली माणसं मोजतो.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २६ सप्टेंबर आला की मला हल्ली तुमची आठवण येते. १९८३ साली त्या रात्री सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांच्यासमोरचा पडदा सांगत होता की अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलंय, मग आणखी चार. त्यांनी वर 'हल्ला' न कळवता 'यंत्राची चूक' असं कळवलं. चूक यंत्राचीच होती, ढगांवरून परतलेल्या उन्हाला उपग्रह फसला होता. नंतर त्यांना बोलणी बसली ती कशावरून, तर त्या रात्रीची नोंदवही नीट भरली नाही म्हणून! कुठे ते आणि कुठे आपलं सदर, तुम्ही म्हणाल. कबूल. पण ठळक अक्षरांत समोर आलेल्या गोष्टीपुढे शांतपणे प्रश्नचिन्ह ठेवणारी माणसं मला एकाच घरातली वाटतात. आणि जग बहुधा त्यांना नोंदवहीवरूनच बोलतं.

सदर आता दुसरीकडे चालू आहे. तुमचं पिवळं कात्रण मी परत केलेलं नाही, करणारही नाही. माझं मात्र त्याच्याच शेजारी ठेवलंय, समासात शाईने लिहून: 'ही माझी चूक. एकीने कळवली.'

सोबत एक नोंद पाठवतोय. या वेळी प्रश्नचिन्ह मीच घालून ठेवलंय. स्वीडनने नव्या कॅलेंडरकडे हळूहळू जायचं ठरवलं, १७०० चा लीप दिवस गाळला, पुढचे गाळायचे राहूनच गेले, आणि शेवटी जुन्याकडे परतण्यासाठी १७१२ च्या फेब्रुवारीत एक जास्तीचा दिवस घातला. ३० फेब्रुवारी. घटना खरी आहे, मी तीनदा तपासली. पण बाई, हिचा स्मरणदिन छापायचा कोणत्या पानावर? डोळ्यांना त्रास होत नसेल तेव्हा बघा. घाई नाही.

तुमचा,
२३ एप्रिलवाला