एचएमटीवाले दादाजी

प्रिय पम्या,

परवा फोनवर तू विचारलंस की एचएमटी तांदूळ घड्याळवाली कंपनी बनवते का, तेव्हा मी खूप हसलो, पण मग वाटलं की याचं आजोळ नागभीडचं आणि यालाच माहीत नाही तर बाकी पुण्याला कुठून माहीत असणार. म्हणून बसलो लिहायला. मोठं होईल, चहा घेऊन वाच.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, मराठवाड्यातलं नाही, आपलं छोटंसं. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत आणि शेती दीड एकर, बस. १९८३ साली त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पटेल-३ जातीचं धान लावलेलं होतं, त्यात त्यांना दोन-तीन लोंबा वेगळ्या दिसल्या, जरा पिवळसर. आता तू-मी असतो तर भेसळीचं बियाणं दिलं म्हणून दुकानदाराला शिव्या घालून मोकळे झालो असतो. या माणसानं त्या लोंबा वेगळ्या काढून जपून ठेवल्या आणि पुढच्या वर्षी बांधीच्या मधोमध थोड्या जागेत लावल्या, बाजूला जंगल, रानडुकरांचा ताप, म्हणून वरून काटेकुटे टाकले.

धानाचं एक बरं असतं, त्याचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे वेगळं झाड वेगळं ठेवून दरवर्षी त्यातलं चांगलं तेवढंच निवडत गेलं की काही वर्षांत जात पक्की होते. लिहायला सोपं वाटतं रे! पण आपल्याकडे पावसाच्या भरवशावर वर्षातून एकदाच रोवणी, म्हणजे एक साल हुकलं की डायरेक्ट पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा, आणि तोवर घर त्याच दीड एकरात चालवा. तरी ते वर्षानुवर्षं निवडत राहिले. दाणा बारीक निघाला, भात मऊ, वास छान, आणि वर उतारापण जास्त.

१९९० च्या सुमारास गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं ते बियाणं नेऊन लावलं, माल तळोधीच्या बाजारात गेला. व्यापाऱ्यानं विचारलं जात कोणती, तर नावच नव्हतं. तेव्हा एचएमटी घड्याळाची फार क्रेझ, दिलं तेच नाव ठोकून. झालं, धान निघालं पार दुसऱ्या राज्यांत आणि दादाजी राहिले नांदेडात.

पुढे १९९४ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ ला पीकेव्ही-एचएमटी (पीकेव्ही म्हणजे तेच पंजाबराव कृषी विद्यापीठ) म्हणून वाण बाहेर आला, त्यात दादाजींचं नाव नाही. विद्यापीठाचं म्हणणं आम्ही शुद्धीकरण केलं. केलं असेल, त्यालाही मेहनत लागते, मान्य. पण मूळ लोंबी कोणाला दिसली होती, एवढं एका ओळीत लिहायला काय जात होतं सांग बरं.

मग सत्कार सुरू झाले. २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हातून पुरस्कार, २०१० ला फोर्ब्स मासिकाच्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव. सरकारनं दिलेलं सोन्याचं पदक खोटं निघालं, त्याच्याही बातम्या झाल्या. शेवटी अर्धांगवायू झाला, उपचाराला पैसे नाहीत, आणि ३ जून २०१८ ला गडचिरोलीजवळ शोधग्रामच्या दवाखान्यात गेले.

लोक आता त्यांची आठवण काढतात ती एवढीच, बिचारे गरिबीत गेले. मला ते खटकतं यार. गरिबीत तर आपल्या झाडीपट्टीत, या पूर्व विदर्भात, किती जण जातात! या माणसानं एचएमटीवर न थांबता अजून सात-आठ जाती काढल्या, नांदेड-९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, आणि डीआरके, म्हणजे त्यांच्याच नावाची अक्षरं, यावेळी बहुतेक नाव ठेवायचं काम बाजारावर सोडलं नाही. एका आयुष्यात एवढ्या जाती काढणं म्हणजे चेष्टा नाही, अन् तेही लॅब नाही, पगार नाही, असिस्टंट नाही. आमचा बाबा रोवणी झाली की बांधीकडे ढुंकून बघत नाही, धुऱ्यावर बसून तंबाखू मळतो, आणि मी तर काय, नुसता मोबाईल बघतो.

बरं, तू किराणावाल्याकडून जे घेतोस ते खरं एचएमटी असेलच असं नाही हं, त्या नावावर आजकाल काहीही खपवतात. यंदा चुरणं, म्हणजे मळणी, झालं की ट्रॅव्हल्सनं दहा किलो पाठवतो, ड्रायव्हरचा नंबर व्हॉट्सॲप करीन, पहाटे उठून घ्यायला जा, मागच्यासारखं झोपून राहू नकोस. आणि वहिनीला सांग, नवा तांदूळ आहे, पाणी कमी घालायचं.

तुझाच,
बंड्या